तेलाचा भाव आणि रुपयाचे मोल

श्रोतेहो, आजच्या भाषणाची सुरुवात मी एका नोटेपासून करणार आहे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने काही निराळ्याच नोटा काढल्या. रुपयाच्याच नोटा, पण रंग वेगळा; आणि गंमत अशी की त्या भारतात चालत नसत. त्या चालत आखाताच्या काठी. कुवेत, बहरीन, कतार आणि आज ज्यांना आपण संयुक्त अरब अमिराती म्हणतो त्या मुलखात! तिथला मोत्यांचा व्यापारी, खजुराचा व्यापारी, गलबतावरचा खलाशी, सगळ्यांच्या हातात आपला रुपया असे. मुंबईशी त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण रुपये देऊन सोने विकत घ्यायचे, ते चोरून भारतात आणायचे, हा उद्योग फार वाढला, म्हणून आखातासाठी या वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या.

पुढे १९६१ साली कुवेतने आपला दिनार काढला, १९६५ साली बहरीनने काढला. आणि ६ जून १९६६ रोजी आपण रुपयाचे अवमूल्यन केले; पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना झाला. तेव्हा कतार आणि शेजारच्या अमिरातींनीही रुपयाला रामराम ठोकला. त्यानंतर उण्यापुऱ्या सात वर्षांत त्याच आखाताच्या तेलाने आपल्या रुपयाची आणि आपल्या संसाराची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ती परीक्षा एकदा नव्हे, तीनदा झाली. तिची हकिगत आज सांगायची आहे.

तेलाचा भाव भडकला की देशाची वाढ खुंटते आणि चलन घसरते, असे आपण वर्तमानपत्रांतून नेहमी वाचतो. हे खरे आहे काय? खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे काय, ते कळायला आधी हा धक्का बसतो कसा, ते पाहिले पाहिजे.

असे समजा, कोकणातले एक घर आहे. भात घरचे, नारळ घरचे. पण साखर, कापड, औषध, दिव्याचे तेल हे सारे वाण्याकडून आणि बाजारातून आणावे लागते. त्यासाठी रोख पैसा लागतो आणि तो येतो मुंबईच्या मनिऑर्डरीतून. आता एके दिवशी वाण्याने दिव्याच्या तेलाचा भाव चौपट केला. मनिऑर्डर तर तेवढीच आहे. मग घरातला कर्ता माणूस काय करील? चार वाटा आहेत. एक, इतर खर्च छाटायचा. दुसरी, गाडग्यात पुरून ठेवलेले पैसे काढायचे. तिसरी, कुणाकडून तरी कर्ज काढायचे. आणि चौथी, मिळकत वाढवायची. पाचवी वाट नाही.

देशाचे असेच असते. आपली मनिऑर्डर म्हणजे निर्यातीतून मिळणारे आणि परदेशांतल्या आपल्या माणसांनी धाडलेले परकी चलन. आपले गाडगे म्हणजे रिझर्व्ह बँकेची गंगाजळी. तेल डॉलरमध्ये घ्यायचे, तेव्हा तेल महागले की डॉलरची मागणी वाढते. डॉलर तेवढेच असले तर त्यांचा भाव चढतो, म्हणजेच रुपयाचा उतरतो. आणि रुपया उतरला की तेच तेल रुपयांत आणखी महाग पडते. विंचू चावला म्हणून उडी मारावी आणि पाय निखाऱ्यावर पडावा, तशातली ही गत!

हे झाले चलनाचे. वाढीवर होणारा परिणाम दोन बाजूंनी होतो. ट्रक, आगगाडी, शेतावरचा पंप, खताचा कारखाना, सगळ्यांचा खर्च चढतो. त्याच वेळी लोकांच्या खिशातला जो पैसा कापडचोपडाला, भांड्याकुंड्याला गेला असता तो तेलाच्या बिलात देशाबाहेर जातो. एका परीने परदेशाने आपल्यावर बसवलेला हा करच. मग मागणी मंदावते, कारखान्यांत माल पडून राहतो. शिवाय महागाई आवरण्यासाठी सरकार खर्च आखडते, बँका व्याज वाढवतात, आणि वाढीला दुसरा लगाम बसतो. हा दुसरा लगाम आपणच ओढलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

आता पहिला धक्का. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब-इस्रायल युद्ध पेटले. दहा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आखातातल्या तेल-उत्पादक देशांनी तेलाचा जाहीर भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून पाच डॉलरच्या वर नेला. दुसऱ्या दिवशी अरब देशांनी उत्पादन घटवण्याचा निर्णय केला आणि इस्रायलच्या पाठीराख्यांवर बंदीही आली. डिसेंबरात तेहरानला बैठक भरली, आणि १ जानेवारी १९७४ पासून जाहीर भाव झाला ११ डॉलर ६५ सेंट. तीन महिन्यांत जवळजवळ चौपट!

आपण तेव्हा गरजेच्या तेलापैकी सुमारे दोनतृतीयांश बाहेरून आणत होतो. १९७२-७३ साली तेलाच्या आयातीवर आपले दोनशे कोटींच्या आसपास रुपये खर्च झाले होते. १९७४-७५ साली हा आकडा साडेअकराशे कोटींच्या घरात गेला. आणि वेळ कोणती? महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ नुकता सरत होता. खडी फोडणारी माणसे अजून रस्त्याच्या कडेला दिसत होती. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! सरकारने पेट्रोलचे दर वाढवले, तेव्हा त्याचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबर १९७३ मध्ये बैलगाडीत बसून संसदेत गेले. आम्ही मुले मात्र बैलगाडीपेक्षा रॉकेलच्या रांगेने हैराण होतो. डबा रांगेत ठेवायचा, डब्यावर दगड ठेवायचा आणि शाळेला जायचे. परत येऊन पाहावे तो दगड जाग्यावर आणि डबा पाच-सात हात मागे!

बरं, मग रुपया कोसळला का? नाही. डॉलर होता पावणेआठ रुपयांच्या आसपास, तो दोन वर्षांत सव्वाआठ-साडेआठापर्यंत गेला, एवढेच. कारण असे की, आपला रुपया तेव्हा ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता आणि परकी चलनावर कडक पहारा होता. सप्टेंबर १९७५ मध्ये पौंडाची गाठ सोडून अनेक चलनांच्या एका समूहाशी त्याची सांगड घालण्यात आली. दर बांधलेला असल्यामुळे तो फारसा हलला नाही. पण श्रोतेहो, घाव चुकवला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसरीकडे बसतो. चलनावर बसायचा तो घाव भावांवर आणि वाढीवर बसला. १९७४-७५ साली घाऊक भाव सरासरीने सुमारे पंचवीस टक्के चढले. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ जेमतेम एक टक्का झाली. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. जुलैमध्ये सरकारने नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने तेल महागल्यामुळे अडचणीत आलेल्या देशांसाठी खास कर्जाची सोय केली होती, तिचाही आपण उपयोग केला. म्हणजे आपल्या कोकणातल्या कर्त्या माणसाने पहिली आणि तिसरी अशा दोन्ही वाटा धरल्या.

पण चौथी वाटही निघाली, आणि ती दोन ठिकाणांहून. पहिले ठिकाण आपल्या दारातले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर भर समुद्रात, 'सागर सम्राट' या जहाजासारख्या यंत्राने खोदलेल्या विहिरीला तेल लागले. तेच 'बॉम्बे हाय'. १९७६ च्या मे महिन्यात तिथले तेल निघू लागले. दुसरे ठिकाण खुद्द आखात. तेलाच्या पैशाने तिथे रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि त्यासाठी माणसे हवी होती. केरळातून गेली, गोव्यातून गेली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्यांच्या काठच्या गावांतूनही गेली. जे डॉलर आपण तेलापायी तिकडे धाडत होतो त्यांतले काही गवंडी, सुतार, ड्रायव्हर यांच्या मजुरीच्या रूपाने परत येऊ लागले. १९७८-७९ च्या अखेरीस आपली गंगाजळी सुमारे सात अब्ज डॉलरची झाली होती. त्या काळच्या मानाने ही पुंजी भक्कम होती.

आणि तेवढ्यात दुसरा धक्का आला. १९७९ च्या आरंभी इराणात क्रांती झाली, शहा देशोधडीला लागला. सप्टेंबर १९८० मध्ये इराण आणि इराक यांचे युद्ध जुंपले. तेरा डॉलरच्या आसपासचे पिंप तीस डॉलर ओलांडून गेले. १९८०-८१ साली आपल्या तेल-आयातीचा खर्च सव्वापाच हजार कोटी रुपयांहून जास्त झाला; आणि त्या साली आपली सगळी निर्यात होती सुमारे सहा हजार सातशे कोटींची. म्हणजे रुपयातले बारा आणे तेलात! त्यात १९७९ चा पाऊस दगा देऊन गेला. १९७९-८० साली राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याऐवजी पाच टक्क्यांनी घटले. ही घट एकट्या तेलामुळे झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही; त्यात अवर्षणाचा वाटा मोठा होता. पण तेलाने भर घातली, यात शंका नाही.

तरीही रुपयावर गदा आली नाही. गाडग्यात पैसे होते, ते कामी आले. बॉम्बे हायचे तेल वाढत्या प्रमाणावर येत होते. आखातातली माणसे पैसे धाडत होती, आणि तेल महागल्यामुळे आखाती देश अधिकच श्रीमंत झाले होते, तेव्हा तिकडची कामेही चालू होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये नाणेनिधीकडून पाच अब्ज एस. डी. आर. (निधीचे हिशेबाचे चलन) एवढे कर्ज मंजूर करून घेतले, ते पुरते उचललेही नाही. जवळजवळ चार अब्ज घेतले आणि १९८४ साली उरलेले नको म्हणून सांगितले. कर्ज मिळत असताना 'पुरे' म्हणणारा ऋणको विरळाच!

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की, आता आपण तेलाला सरावलो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! दुर्दैवाने झाले उलटे, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातला मुख्य धडा याच ठिकाणी आहे.

तिसरा धक्का २ ऑगस्ट १९९० चा. त्या दिवशी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. सतरा-अठरा डॉलरचे पिंप ऑक्टोबरात चाळीसच्या आसपास गेले. पण जानेवारी १९९१ मध्ये प्रत्यक्ष युद्ध सुरू होताच भाव धाडकन खाली आला आणि वीस डॉलरच्या आसपास स्थिरावला. म्हणजे सारा खेळ पाच-सहा महिन्यांचा. पहिल्या धक्क्यात भाव चौपट झाला आणि चढाच राहिला. दुसऱ्यात दुपटीहून जास्त झाला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला. तिसऱ्यात दुप्पट झाला आणि सहा महिन्यांत ओसरला. तिन्ही धक्क्यांत हा सर्वांत लहान. आणि देश सर्वांत अधिक हादरला तो याच धक्क्याने!

असे का व्हावे? कारण मधल्या दहा वर्षांत आपण घर चालवले ते उसनवारीवर. सरकारचा खर्च उत्पन्नाच्या फार पुढे गेला. परदेशांतून कर्जे घेतली, त्यांत थोड्या मुदतीची कर्जे वाढली. अनिवासी भारतीयांनी जास्त व्याजासाठी ठेवलेल्या ठेवी होत्या. त्या संकटाची चाहूल लागताच उडून जाणाऱ्या पाखरांसारख्या. बॉम्बे हायचे उत्पादन पूर्वीच्या वेगाने वाढेना, आणि तेलाचा खप मात्र वाढतच होता. १९९०-९१ साली निर्यातीतून आणि इतर वाटांनी मिळालेल्या परकी चलनाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग निव्वळ जुन्या कर्जाच्या हप्त्यांत आणि व्याजात जात होता. भिंत आतून पोखरलेली होती. लहानसा धक्का पुरला.

शिवाय या वेळी मनिऑर्डरही थांबली. कुवेत आणि इराक इथली आपली माणसे कामधंदा टाकून जीव वाचवायला निघाली. दीड लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. आठ-दहा वर्षे पै-पै साठवणारा माणूस एका पिशवीनिशी सहार विमानतळावर उतरला. त्याच्या घरची चूल आणि देशाची गंगाजळी या दोन्हींवर एकाच दिवशी आघात झाला, हे आकड्यांच्या मागचे सत्य विसरता कामा नये.

जानेवारी १९९१ मध्ये गंगाजळी एक अब्ज डॉलरच्याही खाली उतरली. सात अब्ज कुठे आणि हे कुठे! जूनच्या सुमारास जे काही हाती होते ते दोन-अडीच आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढे. दिल्लीत सरकारे बदलत होती, मे महिन्यात ऐन निवडणुकीत राजीव गांधींची हत्या झाली, आणि परदेशी सावकार दार लावून घेत होते. शेवटी घरात वेळ आली म्हणजे जे होते तेच झाले: सोने बाहेर काढावे लागले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने परदेशी गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे सत्तेचाळीस टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून चाळीस कोटी डॉलर उभे केले. ज्या देशात बाईच्या गळ्यातले सोने गहाण पडणे ही अखेरची पायरी समजतात त्या देशाला ही गोष्ट जिव्हारी लागली.

आणि रुपया? १ जुलै आणि ३ जुलै १९९१, अशा दोन टप्प्यांत त्याचे अवमूल्यन झाले. एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. आयात आवळल्यामुळे कारखान्यांना कच्चा माल मिळेना. १९९१-९२ साली वाढ दीड टक्क्याच्याही खाली आली. या वेळी घाव चलनावर आणि वाढीवर, दोन्हींवर एकदम पडला. पुढे मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोपवण्यात आला.

तेव्हा श्रोतेहो, सुरुवातीला मी 'अर्धे खरे' म्हणालो, त्याचे उरलेले अर्धे ते हे. तेलाचा भाव किती चढला, एवढ्यावरून देशाचे काय होणार ते ठरत नाही. तो चढला त्या दिवशी आपल्या गाडग्यात काय होते, आपल्या डोक्यावर कोणाचे आणि किती मुदतीचे देणे होते, आणि आपली मनिऑर्डर कुठून येत होती, यावर ते ठरते. वारा सर्वांना सारखाच लागतो. छप्पर उडते ते ज्याच्या वाशांना वाळवी लागलेली असते त्याचे.

याचा पडताळा पुढेही आला. २०१३ च्या उन्हाळ्यात तेल शंभर डॉलरच्या वर होते, तसे ते दोन वर्षे होतेच. पण अमेरिकेत पैसा आखडण्याची भाषा सुरू झाली, परदेशी भांडवल परतू लागले, आणि आयात-निर्यातीतली तूट आधीच फुगलेली असल्यामुळे ऑगस्टअखेर डॉलर अडुसष्ट रुपयांच्या पुढे गेला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने एक मार्मिक उपाय केला. सरकारी तेल कंपन्यांना लागणारे डॉलर बाजारातून न घेता थेट बँकेकडून, ठराविक मुदतीने परत करण्याच्या बोलीवर, देण्याची सोय केली. बाजारातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक बाजूला काढले. बाजार शांत व्हायला त्याची मदत झाली. उलट २०१४ च्या उत्तरार्धात तेल निम्म्यावर आले, आपली तूट आटोक्यात आली, महागाई उतरली. पण डॉलरच्या तुलनेत रुपया काही चढला नाही. तेल हे रुपयाचे एकटे भाग्यविधाते नव्हे, याचा हा दुसऱ्या बाजूने पुरावा.

आणि २०२२ साल घ्या. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले, मार्चमध्ये तेल एकशेवीस डॉलरच्या वर गेले. आपण आता गरजेच्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. १९७३ पेक्षाही जास्त! तरी सोने गहाण पडले नाही. डॉलर ऐंशी रुपयांच्या पलीकडे गेला खरा. पण युद्धापूर्वी गंगाजळी सहाशे अब्ज डॉलरच्या वर होती, तिच्यातले पुष्कळ खर्ची घालून घसरण हळूहळू होऊ दिली. रशियाकडून सवलतीने मिळालेल्या तेलानेही हात दिला. विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखालच्या खडकांत त्रेपन्न लाख टन तेल साठवण्याची कोठारे बांधलेली आहेत, तेही एक प्रकारचे गाडगेच. पण ते देशाला दिवसांच्या हिशेबाने पुरेल, महिन्यांच्या नव्हे, याची जाणीव असू द्यावी.

शेवटी पुन्हा त्या जुन्या नोटेकडे येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या इंडियन ऑईलने अबूधाबीच्या तेल कंपनीकडून दहा लाख पिंपे तेल घेतले आणि त्याची किंमत चुकती केली रुपयांत. ज्या किनाऱ्यावरून १९६६ साली रुपया परत फिरला तिथे तो सत्तावन्न वर्षांनी पुन्हा उतरला. ऐकून बरे वाटते. पण एका जहाजाने व्यापार बदलत नाही. त्या रुपयांतून घेण्याजोगा माल आपल्याकडे असला तरच तिकडचा व्यापारी ते रुपये हौसेने जवळ ठेवील. मोत्यांच्या काळी तो ठेवत होता, कारण मुंबईच्या बाजारात त्याला तांदूळ, कापड, लाकूड सारे मिळत होते.

तेलाचा चौथा धक्का केव्हा येईल, ते कुणी सांगू शकणार नाही. तो कुठल्या तरी दूरच्या रणांगणावर ठरेल. तो आला म्हणजे काय होईल, ते मात्र इथेच ठरेल, आणि बरे दिवस आहेत तोवरच ठरेल. गाडगे पावसाळ्याआधी भरायचे असते.